तीन नायकांशेजारचा माणूस

गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक मंडळीत एक वृद्ध तालीममास्तर होते. नट घडवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांचा लाडका शिष्य श्रीरंग हा मंडळीचा प्रमुख नट. देखणा, कष्टाळू आणि टाळ्यांची सवय जडलेला. टाळ्या वाईट असे मी म्हणत नाही. पण त्यांची चटक लागली की माणसाला बाकीचे आवाज कमी ऐकू येऊ लागतात.

त्या वर्षी मंडळीने मोठाच घाट घातला. लागोपाठ तीन दिवस तीन शोकांतिका करायच्या, तीन निरनिराळ्या काळांतल्या, आणि तिन्हींत नायक श्रीरंग. पहिली फार प्राचीन. तिच्यातल्या राजाला ज्योतिषी सांगतो, तुझ्या पुत्राला पाण्यापासून भय आहे. राजा राजवाड्यातल्या सगळ्या विहिरी बुजवतो, आणि पुढे वाड्याला आग लागते तेव्हा विझवायला घागरभर पाणी मिळत नाही. दुसरी मध्ययुगातली. तिचा सेनापती माघारीचा विचारही कुणाच्या मनात येऊ नये म्हणून मागचा पूल जाळतो आणि आपली सगळी फौज गमावतो. तिसरी अलीकडची. तिच्यातल्या कारकुनाची नोकरी सुटते, पण घरी सांगायची लाज वाटते म्हणून तो रोज डबा घेऊन बाहेर पडतो, आणि एक दिवस परतच येत नाही.

तालमींच्या ताणाने श्रीरंगाचा घसा बसू लागला. त्याचा धाकटा भाऊ यशवंत त्याच मंडळीत नोकर-शिपायांच्या किरकोळ भूमिका करी. एकदा तो म्हणाला, "दादा, तुझा आवाज फाटतोय. प्रयोग पुढे ढकलू या, वैद्यांना दाखवू. कारण आपल्या..."

त्याचे बोलणे पुरे व्हायच्या आतच श्रीरंग म्हणाला, "मी अंथरूण धरलं की माझी जागा तुलाच मिळेल, हो ना?"

तीन प्रयोग पार पडले की मी मंडळी सोडतो, एवढे यशवंताने मास्तरांना जाऊन सांगितले. भाऊ जातो आहे हे श्रीरंगाच्या कानावर आले. त्याला वाईट वाटले, पण तो अडून बसला.

तोंडाने तो वेगळेच विचारत राहिला. "मास्तर, राजाला नियतीने बुडवलं, सेनापतीला गर्वाने, कारकुनाला परिस्थितीने. तिघांत मोठा कोण? ते कळलं तर तिघांचं दुःख मला वेगवेगळं दाखवता येईल."

त्या मंडळीत प्रत्येक नटाला नक्कल मिळे. नक्कल म्हणजे त्याच्या स्वतःच्या संवादांचे कागद. दुसऱ्यांच्या बोलण्यातले शेवटचे दोन शब्द तेवढे त्यात असत, आपण कधी सुरू करायचे ते कळावे म्हणून. मास्तरांनी श्रीरंगाच्या तिन्ही जाडजूड नकला काढून घेतल्या आणि यशवंताच्या तिन्ही नाटकांतल्या नकलेचा एकुलता एक कागद त्याच्या हातात दिला. "आज तू हे म्हण. नायक मी होतो," असे म्हणत ते समोरच्या खुर्चीवर बसले. प्रयोगाला पाच दिवस उरलेले, आणि प्रमुख नटाला नोकराचे काम! मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली.

श्रीरंग नाखुशीनेच वाचू लागला. "महाराज, एक तरी विहीर राहू द्या. भय पाण्याचं असेल, पण..."

"बुजवा म्हणतो ना!" मास्तर गरजले.

मग तो सेनापतीचा शिपाई झाला. "सरकार, पूल जाळू नका. पोरं लढतील, पण त्यांना..." मास्तरांनी पुन्हा मध्येच तोडले. शेवटी तो कचेरीतला शिपाई झाला. "साहेब, घरी सांगून टाका. वहिनी रागावणार नाहीत, त्या तर..." तिसऱ्यांदा तेच झाले.

श्रीरंग चिडला. "मास्तर, माझं वाक्य तरी पुरं होऊ द्या."

"तू कधी होऊ देतोस?" मास्तर शांतपणे म्हणाले. "तुझ्याच चालीने बोललो मी. शेवटच्या दोन शब्दांचीसुद्धा तू वाट बघत नाहीस. तू मोठा कोण ते विचारलंस. तिघांत फरक आहे, तो मी नाकारत नाही. राजाला दैवाची धास्ती, सेनापतीला नावाची, कारकुनाला चारचौघांची. काळ पालटला तसं भय पालटलं. पण हे तिन्ही नाटककार एकमेकांना ओळखत नव्हते, तरी प्रत्येकाने नायकाशेजारी एक साधा माणूस उभा केलाय, त्याच्यावर जीव असलेला. नायक मोडतो तो त्याचं बोलणं तोडतो तेव्हा. आणि बाळ, तिन्ही नाटकांत तो माणूस तुझा भाऊच आहे."

श्रीरंगाने तो कागद पुन्हा, या खेपेला मनातल्या मनात, शेवटपर्यंत वाचला. मग तो मागच्या खोलीत गेला. यशवंत पोशाखांच्या घड्या घालत होता.

"यशा, त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतास. मी मध्ये बोलणार नाही."

यशवंताने हातातला पोशाख खाली ठेवला. मग म्हणाला, "आपल्या बाबांचा आवाज असाच गेला, दादा. आधी फाटला, मग एका कीर्तनात जो बंद झाला तो कायमचा. तू तेव्हा शिकायला बाहेर होतास. मला दिसत होतं, पण मी लहान, मला बोलायचा धीर झाला नाही. या वेळी गप्प बसायचं नाही, असं ठरवलं होतं."

श्रीरंगाच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्याने ते लपवले नाही.

प्रयोग महिनाभर पुढे गेले. वैद्यांनी मौन सांगितले, ते त्याने पाळले. पुढे पहिल्या प्रयोगाला म्हातारा सेवक बोलू लागला तेव्हा राजा त्याच्याकडे पाहत, एकेक शब्द ऐकत उभा राहिला. प्रेक्षागृह इतके निःशब्द झाले की या खेपेस राजा ऐकणार, असे शेवटच्या रांगेतल्यांनाही वाटून गेले. तो अर्थात ऐकत नाही. नाटक तसेच लिहिलेले आहे. पण सेवकाचे काम करणारा यशवंत पुढच्या गावालाही मंडळीबरोबरच गेला.

घरात कुणी आपल्या काळजीपोटी काही सांगू लागले, तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. आपले पुढचे अंक अजून लिहायचे आहेत.