अतिविषाची निळी फुले

एकदा एक वृद्ध वैद्य हिमालयातल्या एका उंच, राखीव कुरणाची राखण करीत होते. झाडेसुद्धा जिथवर चढायचे नाव काढत नाहीत, अशी ती जागा. तिथल्या गवतात अतिविषाचा शेवटचा ताटवा उरला होता. हो, बाळगुटीत उगाळतात तेच अतिविष! खालच्या गावांतल्या पोरांचे ताप-जुलाब त्याच्याच मुळीवर बरे होत. म्हणून बी पिकून गळेपर्यंत तिथे कुदळ लावायची नाही, असा गावांचा रिवाज होता.

त्या वर्षी ताटवा फुलला आणि एक व्यापारी वर आला. वैद्यांकडे चहा पिऊन, गोडगोड बोलून गेला. दुसऱ्याच दिवशी वैद्यांच्या शिष्याने पाहिले, गुरुजी वाकून निळी फुले खुडताहेत आणि झोळीत भरताहेत.

शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. आता सरळ विचारायला काय झाले होते? पण छे! रोज सकाळी तो गुरुजींच्या मागोमाग जाऊन ताटव्याजवळच्या एका खडकाआड दबा धरून बसू लागला.

एके दिवशी पाहतो तर काय, ताटव्याच्या जागी नुसते खड्डे! तो धावत झोपडीत आला.

“शेवटी विकलंतच ना, गुरुजी? बघत होतो मी सगळं!”

वृद्धाचा चेहरा पांढराफटक पडला. ते तसेच उठून खड्ड्यांपाशी गेले. मग त्यांनी झोळी उपडी केली. आत नुसती सुकलेली फुले.

“फुलांना कोण विचारतो, बाळा? बाजार मुळीला आहे. पण फुलामुळे ती लांबून ओळखू येते. फूल खुडलं की पानं गवतात मिसळून जातात. बियांसाठी कड्यावरची रोपं तशीच फुलती ठेवली आहेत मी, तिथे हात पोचत नाही कुणाचा. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून बोललो नाही. तीही चूकच म्हण.”

“मग त्या व्यापाऱ्याच्या माणसांना सापडलं कसं?”

“मी यायचो दगडांवरून, गवत दबू नये म्हणून. तू कुठून यायचास?”

शिष्याने मागे वळून पाहिले. झोपडीपासून खडकापर्यंत गवतातून सरळ पायवाट पडली होती.

“विचारायचंस रे मला,” वैद्य एवढेच म्हणाले. शिष्य ओक्साबोक्शी रडला.

पुढे कड्यावरचे बी वाऱ्याने खाली आले. शिष्याने ते वेचून खड्ड्यांत पेरले, आणि जाता-येता तो दगडांवरूनच चालला. पण नवी मुळी औषधाला येईपर्यंत खालची पोरे तापाने फणफणतच राहिली.

आपल्या माणसावर पाळत ठेवणाऱ्याने एकदा वळून स्वतःची पावले पाहावीत.