ढोल वाजला की सड्यावर

आंबेखोल गावाच्या पलीकडे, ओढ्यावरचा साकव ओलांडला की कातळाचा उघडा सडा लागतो. त्यावर चार खांबांची एक खोपी आणि खोपीत ढोल. देव नाही, दिवाही नाही. देवीचं देऊळ अलीकडे, डोंगराच्या अगदी पोटाशी. आम्ही गावाचा आपत्ती आराखडा करायला गेलो होतो: कुठलं पाणी दूषित होतं, कुठली दरड सुटेल, इशारा मिळाल्यावर माणसांनी जमायचं कुठे. शेवटच्या रकान्यात मी 'देऊळ' लिहिलं. पक्की इमारत तेवढीच. देवळाचे पुजारी सदबा गुरव यांनी ते वाचलं. "ताई, तेवढं खोडा," ते म्हणाले. "मग सांगतो."

त्यांच्या खापरपणजोबांच्याही आधीची गोष्ट, म्हणे. राघो गुरव देवीची पूजा करायचा. आठ दिवस पाऊस उघडला नव्हता. सकाळी फुलं काढायला तो देवळामागे चढला, तर डोंगराला भेग. हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. झऱ्याचं पाणी लाल झालेलं. खाली दीडशे माणसं. घरोघर सांगत फिरायला वेळ नव्हता, म्हणून त्याने देवळात येऊन ढोल बडवला.

चूक तिथेच झाली, असं सांगतात. ढोलाचा अर्थ गावाला एकच ठाऊक होता: देवीने बोलावलंय. माणसं डोक्यावर इरली घेऊन निघाली, सरळ डोंगराखाली.

"गुरव आज लवकर उठला वाटतं," कुणी म्हणालं.

"बायकोनं घराबाहेर काढलान असेल," दुसरा म्हणाला. राघोची बायको भागी तान्हं पोर घेऊन त्यांच्यातच चालत होती. तीही हसली.

ते येताना दिसले तसा राघोने घाबरून ढोल थांबवला. तर मागे रेंगाळलेले पळत सुटले, कारण ढोल थांबला म्हणजे आरती सुरू. वाजवला तरी येत होते, थांबवला तरी येत होते. "मागे फिरा, डोंगर येतोय," तो ओरडला. अंगात आलं समजून लोक हात जोडून पुढ्यात बसले. भागीला त्याने दंडाला धरून ओढलं. "अवो, लोकं बघतात," म्हणत तिने हात सोडवून घेतला.

देवीचा ढोल देवळाबाहेर नेणं म्हणजे महापाप. राघोने तो गळ्यात अडकवला आणि साकवावरून सड्याकडे धूम ठोकली. त्याला धरायला चाळीसेक गडी मागे धावले. सड्यावर पहिला तडाखा त्याच्या पाठीत बसला, तेवढ्यात मागे आवाज झाला. दुसऱ्यासाठी उचललेले हात तसेच राहिले, म्हणे.

ते चाळीस वाचले. भागी देवळातच होती, नवऱ्याच्या वतीने एकेकाच्या पाया पडत.

पुढे देऊळ पुन्हा त्याच जागी बांधलं. देवीला हलवायचा धीर कुणाला झाला नाही. ढोल मात्र खाली आला नाही. आजही आषाढात डोंगर भिजला की एका सकाळी तो सड्यावर वाजतो, आणि अख्खं गाव, आजारी माणसांना डोलीत घालून, देवळाकडे पाठ करून साकव ओलांडतं. वाजवायचा मान गुरवाच्या बायकोचा. ती सगळ्यांच्या आधी वर पोचलेली असावी म्हणून. शेवटचं माणूस चढेपर्यंत ती थांबत नाही. हात भरून आले तरी हळूहळू वाजवत राहते. ढोल थांबला की आरतीला धावायचं, ही सवय अजून कुणाच्या पायात असेल, सांगता येत नाही.