नाक्यावरची काहील

एका परक्या मुलखात एक साखर कारखाना होता, आणि त्या कारखान्यात कोल्हापूरकडचा एक पॅनमन होता. पॅनमन म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा पाडणारा. त्याचं नाव हिंदुराव. दोन बोटांत रसाचा थेंब धरला की दाणा केवढा झालाय ते सांगायचा. म्हणून तर त्याला समुद्रापलीकडे बोलावून नेलं होतं. ही गोष्ट खिशातल्या फोनवर सगळं जग दिसायला लागलं, त्याच्या बरीच आधीची.

कारखान्याच्या वसाहतीत आपल्याकडची अकरा घरं होती. हिंदुरावच्या घरात तो, बायको मालन आणि म्हातारे वडील. वडिलांना सगळे आण्णा म्हणत. आण्णा एके काळचे पैलवान. आता गुडघे गेले होते, पण मिशीचा पीळ गेला नव्हता. हिंदुरावची मुलगी अंबिका मात्र गावीच, काकाकडे राहिली होती, कुस्तीच्या तालमीसाठी. तिला पहिला डाव आण्णांनीच शिकवला. पोरीच्या जातीला कुस्ती कशाला, असं अख्खं गाव म्हणत होतं. आण्णांनी गावाला भीक घातली नाही. परदेशी येताना त्यांनी नातीला एकच गोष्ट सांगितली होती, "जिंकलीस की शड्डू असा ठोक, की मला तिकडं ऐकू आला पाहिजे."

ती पोर आता मोठी झाली होती. त्या वर्षी मोठ्या मैदानात तिची पहिल्या नंबरची कुस्ती नेमली गेली, आणि ती टीव्हीवर दाखवणार असं ठरलं. रविवारी दुपारी, चालू कुस्ती, जशीच्या तशी. आण्णांनी हे पत्रात वाचलं आणि जेवण अर्धं टाकून उठले.

"हिंदुराव," ते म्हणाले, "मागनं फोटो बघण्यात काय राम नाही. पोरीची चालू कुस्ती एकदा बघू दे मला. पुढच्या हंगामाला मी असेन, नसेन."

बाप कधी काही मागणारा नव्हता.

त्या मुलखात आपली चॅनेलं दिसत नसत. मोठी डिश असेल तरच आभाळातून ती धरता येत, आणि तसली डिश तिथं मिळत नसे. हिंदुराव रजेवर गावी निघालाच होता. त्यानं तिथून सहा फुटांची, अखंड पत्र्याची डिश घेतली आणि तिच्याबरोबरचा टीव्हीला जोडायचा डबाही घेतला. कुस्तीच्या दिवसापर्यंत थांबावं तर रजा संपत होती. थांबला असता तर पोटची पोर त्यानं पाहिली असती, पण आण्णांनी नसती पाहिली. तो निघाला.

रजेवरून त्याच्याच बरोबर परतत होता वसाहतीतला साळोखे, कारखान्याचा स्टोअरकीपर. गडी मोठा हुशार. नको तिथं जरा जास्तच हुशार. हिंदुरावनं घेतली म्हणून त्यानंही तशीच डिश घेतली. दोघांनी जहाजानं शेजारच्या देशाचं बंदर गाठलं आणि तिथून एकाच ट्रकनं निघाले. दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, ट्रक सीमेवरच्या नाक्याशी लागला.

तिथं साळोख्यानं हिंदुरावला बाजूला घेतलं.

"डिश म्हणू नका. डिश म्हटलं की अडकली. गुळाची काहील म्हणा."

"काहील?"

"अहो, बघा की तिच्याकडं. गुऱ्हाळावरची रस आटवायची काहील अन् ही, काय फरक आहे? आपण कारखान्याची माणसं. कारखान्याचा माल न तपासता सोडायचा, असा इथल्या सरकारचा हुकूम आहे. माझ्याकडं कोरे फॉर्म आहेत. एकावर तुमची काहील लिहितो, एकावर माझी. दुपारच्या जेवणाला घरी."

खोटं कशाला बोला, हिंदुरावच्याही तोंडाशी काहील आली होती. रविवार पाच दिवसांवर होता. आणि ती थाळी खरंच काहिलीसारखीच दिसत होती. जन्म उसात गेलेल्या माणसाला ते नाव सुचायलाही कष्ट नव्हते.

पण साळोखे फॉर्म भरायला बसला आणि हिंदुरावला आण्णांची जुनी तालीम आठवली. एकदा एक पोरगा अंगाला तेल चोळून मैदानात उतरला होता. धरायला जावं तर हात सटकायचा. कुस्ती त्यानं मारली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण आण्णांनी त्याला तालमीतून काढून टाकलं. म्हणाले, "तेलानं जिंकलास. मग फेटा तेलाच्या बुधलीला बांधू का?" हिंदुराव तेव्हा दहा वर्षांचा होता. ते वाक्य त्याच्या मनातून कधी गेलं नाही. आता त्याच आण्णांना चोरवाटेनं आणलेल्या डिशवर पोरीची कुस्ती दाखवायची, हे त्याला काही केल्या पटेना. आपल्या वाटचा फॉर्म त्यानं साळोख्याला भरू दिला नाही.

नाक्यावरची अधिकारीबाई वयस्क होती. कमी बोलायची. साळोख्याचा फॉर्म तिनं वाचला, त्याच्याकडे एकदा पाहिलं, शिक्का मारला आणि एक चिठ्ठी फाडून पेटीत टाकली. कारखान्याच्या नावानं काही आलं, की त्याची चिठ्ठी कारखान्याच्या मोठ्या साहेबांना जात असे, असा तिथला नियम होता. साळोख्याला घाई होती. त्यानं पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग तिनं हिंदुरावच्या वस्तूवर बोट ठेवलं. "हे काय?"

चार वर्षांत हिंदुराव त्या मुलखाची भाषा शिकला होता. तो म्हणाला, "टीव्हीची डिश, बाई."

"कारखान्याची?"

"नाही. माझ्या घरची."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "या वर्षात माझ्यापुढून असल्या नऊ वस्तू गेल्या. एक आंघोळीचा टब होता. एक कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर. डिश मात्र ही पहिलीच."

बाईंनी नियम सांगितला. बाहेरून कामाला आलेल्या माणसाला घरापुरती एक डिश आणता येते, पण बिनतारी खात्याचा परवाना हवा. तो शहरातल्या कचेरीत मिळतो. परवाना येईपर्यंत वस्तू नाक्यावरच राहील.

"किती दिवस लागतात, बाई?"

"माहीत नाही. आजवर कुणी मागितलाच नाही."

ट्रक साळोख्याला आणि त्याच्या काहिलीला घेऊन निघून गेला. जाता जाता साळोखे हसून म्हणाला, "राजा हरिश्चंद्रा, रविवारी आमच्याकडं या कुस्ती बघायला." हिंदुराव हातात पावती घेऊन रस्त्यावर उभा राहिला. आपण बापाच्या शेवटच्या इच्छेवर पाणी तर नाही ना ओतलं, हा विचार त्याच्या मनातून जाईना.

बुधवारी तो बसनं शहरात पोचला. कचेरीतल्या कारकुनाला असा परवाना असतो हेच ठाऊक नव्हतं. त्यानं चार कपाटं उपसली, तेव्हा तळाशी कसर लागलेला एक फॉर्म सापडला. त्यावर सही करणारे साहेब दौऱ्यावर गेलेले. गुरुवार बाकावर बसून गेला. हिंदुरावनं तिथंच पाव खाल्ला आणि बाक काही सोडला नाही. शुक्रवारी साहेब आले. डिश कशासाठी, असा फॉर्मवर प्रश्न होता. हिंदुरावनं लिहिलं होतं, 'माझी मुलगी कुस्ती खेळणार आहे. तिला शिकवणाऱ्या आजोबांना ती बघायची आहे.' साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग सही केली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

इकडे वसाहतीत काय चाललं होतं, ते हिंदुरावला नंतर कळलं. साळोख्यानं मंगळवारीच डिश छपरावर चढवली होती. पण डिश चढवणं वेगळं आणि आभाळातला नेमका कोपरा सापडणं वेगळं. तीन दिवस तो छपरावरून ओरडत होता, "आता दिसतंय का?" आणि खालून बायको ओरडत होती, "मुंग्याच दिसतायत." आण्णा अंगणात खुर्ची टाकून बसत. मालन त्यांच्यापुढे ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची.

शुक्रवारी कारखान्यातून माणसं आली. नाक्याची चिठ्ठी मोठ्या साहेबांना मिळाली होती. साहेब फार खूश झाले होते. शनिवारी हंगाम सुरू होण्याआधीचं जेवण होतं, चारशे माणसांचं, आणि साळोख्यानं न सांगता एवढी थोरली काहील आणली. साळोखे काय बोलणार? डिश आहे म्हणावं तर सरकारला खोटं लिहून दिल्याचं उघड होतंय. इकडे आड तिकडे विहीर. त्यानं गुपचूप डिश छपरावरून उतरवून दिली.

शनिवारी सगळ्यांसमोर ती चुलाणावर चढली. साहेबांनी साळोख्याचे जाहीर आभार मानले. आचाऱ्यानं चार घागरी पाणी ओतलं. खाली जाळ लागला, तसा वरचा रंग पापडासारखा फुगला, आणि बोल्टांच्या भोकांतून पाणी गळून जाळच विझला. चारशे माणसं हसायला लागली. साळोख्याला तिथंच सगळं कबूल करावं लागलं. साहेब एवढंच म्हणाले, "आता पुढच्या रजेत खरी काहील घेऊन या. आणि सोमवारी नाक्यावर जाऊन हे बाईंना स्वतः सांगा."

रविवारी सकाळी हिंदुराव नाक्यावर हजर झाला. डोळे तारवटलेले, कपडे चुरगळलेले. त्याची डिश ताडपत्रीखाली जशीच्या तशी होती. बाईंनी परवाना वाचला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाचलंत?"

त्यानं वाचलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं, 'परवानाधारकाची डिश खात्याच्या माणसानं दिशा लावून बसवून द्यावी.' नाक्यावर बिनतारी यंत्राचा एक जाणकार होताच. आभाळात कुठला उपग्रह कुठं आहे, हे त्या अख्ख्या पट्ट्यात त्या एकट्याला ठाऊक होतं. बाईंनी त्याला हाक मारली, सरकारी गाडी काढायला सांगितली आणि स्वतः पुढच्या सीटवर बसल्या.

"तुम्ही पण, बाई?"

"परवाना पहिलाच आहे," त्या म्हणाल्या. "त्याची डिश बसवलेली बघायला नको?"

सरकारी गाडी वसाहतीत शिरली तेव्हा दोन वाजून गेले होते. मालन धावत बाहेर आली. जाणकारानं हातातलं यंत्र लावलं, डिश चार बोटं वर केली, दोन बोटं डावीकडे वळवली. पडद्यावरच्या मुंग्या सरकल्या आणि गावाकडची हलगी अंगणात वाजायला लागली. मालननं तोंडाला पदर लावला. किती वर्षांनी तो आवाज कानी पडत होता.

अकरा घरांची माणसं अंगणात जमली. साळोखे मात्र कुंपणापाशी उभा होता. हिंदुरावनं त्याला पाहिलं, जाऊन हाताला धरून आणलं आणि आण्णांच्या खुर्चीशेजारी बसवलं.

"मी कुठल्या तोंडानं बसू?" साळोखे पुटपुटला.

"बसा," आण्णा म्हणाले. "हरलेल्या पैलवानालाही आम्ही मानाचा नारळ देतो."

कुस्ती सुरू झाली. समोरची पोर अंबिकापेक्षा वजनानं भारी होती. तिनं पहिल्याच झोंबीत अंबिकाला खाली घेतलं. आण्णांच्या बोटांनी खुर्चीचा हात असा धरला की लाकूड करकरलं. पाच मिनिटं गेली, सात गेली. अंबिका खालीच. मग तिनं मान किंचित वळवली.

"घिस्सा," आण्णा हळूच म्हणाले. "आता घिस्सा मार, पोरी."

शब्द तोंडातून निघतो न निघतो, तोच तिनं घिस्सा मारला. भारी पोर उलटली आणि तिची पाठ मातीला लागली. आभाळ दिसलं तिला. पंचानं अंबिकाचा हात वर केला. अंगणात कोण कुणाला मिठ्या मारतंय कळेना. नाक्यावरच्या बाई, ज्यांना कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याही उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

पडद्यावर अंबिका कॅमेऱ्याकडे वळली. मातीनं माखलेली, दम लागलेला. तिनं मांडीवर थाप मारली. शड्डूचा आवाज समुद्र ओलांडून आला.

गुडघे गेलेला म्हातारा खुर्चीतून उठला. हिंदुराव आधार द्यायला धावला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. ते उभे राहिले आणि त्यांनी पडद्यासमोर आपल्या मांडीवर शड्डू ठोकला. मग लेकाकडे वळले. आपल्या डोक्याचा फेटा काढला आणि हिंदुरावच्या डोक्यावर ठेवला.

"आजची कुस्ती दोघांनी मारली," आण्णा म्हणाले. "आणि तेल कुणीच लावलं नव्हतं."

तात्पर्य: खोटं नाव सांगून आणलेली वस्तू शेवटी त्या खोट्या नावाच्याच कामाला जुंपली जाते. खरं सांगून मागितलेली उशिरा हाती येते, पण ती आपलीच असते आणि ताठ मानेनं वापरता येते.