सोनेरी शिक्क्यांचं कपाट

एका गावाच्या वाचनालयात एक ग्रंथपालबाई होत्या. स्वच्छतेचं त्यांना इतकं वेड, की पोरांचे हात बघूनच त्यांना धडकी भरायची. पोरांची चित्रांची पुस्तकं त्यांनी काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवली होती. बक्षीस मिळालेली पुस्तकं ती, मुखपृष्ठावर गोल सोनेरी शिक्के असलेली. प्रत्येकाला खाकी कव्हर, शिक्क्यापुरतं भोक पाडून. वर डांबरगोळ्या.

"लांबून बघा रे," बाई म्हणायच्या. पोरं काचेला नाक लावून शिक्के बघायची आणि घरी जायची.

एका दुपारी धूळ झटकताना बाईंनी एक पुस्तक सहज उघडलं. पान कोरं! मागची झाडं-घरं तेवढी फिकट उरलेली, मधोमध कुणाच्या तरी आकाराची पांढरीफेक जागा. अक्षरंही नाहीत. दुसरं उघडलं, तेही तसंच. कुलूप तर जागच्या जागी होतं.

त्यांनी आणखी एक कुलूप लावलं. तरी रोज एक पुस्तक कोरं होत गेलं. भर दुपारी वाचनालय सामसूम असताना कपाटातून पावलांचा आवाज यायचा, कुणीतरी बिऱ्हाड हलवत असल्यासारखा.

शेवटी एकच पुस्तक उरलं, चष्मा लावणाऱ्या रेड्याचं. ते आलं त्या दिवशी बाईंनी एकटीनंच वाचलं होतं आणि पोट धरधरून हसल्या होत्या. त्यांचा फार जीव होता त्याच्यावर. त्यांनी ते उघडलं. रेडा पाठमोरा उभा होता. त्याचा एक पाय पानाच्या कडेपलीकडे गेला होता.

"अरे, कुठं निघालास?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"बाकीचे गेले तिकडं," रेडा मान न वळवता म्हणाला. "इथं हाक मारायला कोण आहे?"

"मी आहे ना! थांब रे, थांब!" बाई गयावया करू लागल्या.

"तू कव्हर पुसतेस," रेडा म्हणाला आणि त्यानं दुसरा पाय उचलला.

तेवढ्यात दारात कुंभाराची चिमुरडी येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत ओली माती. बाईंनी तिचे हात पाहिले, पुस्तकाचं शुभ्र पान पाहिलं. मग त्यांनी डोळे गच्च मिटले आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.

"अय्या, चष्मेवाला रेडा!" पोरगी ओरडली. तिनं मातीचा अंगठा थेट त्याच्या पाठीवर टेकवला. "ए रेडेभाऊ, तोंड दाखव की!"

रेडा हळूच वळला. त्यानं चष्मा नीट केला आणि पानात मागं सरकला.

बाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. मग उठून त्यांनी दोन्ही कुलुपं काढली आणि सगळी पुस्तकं सतरंजीवर मांडली. पोरगी एकेक उघडत गेली. कोरं, कोरं, पुन्हा कोरं.

"बाई, इथं कोण होतं हो?" तिनं पांढऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं, पण सांगणार काय? ती पुस्तकं त्यांनी कधी वाचलीच नव्हती.

तात्पर्य: कुलपात जपलेलं पुस्तक मळत नाही, पण त्यातलं कुणी आपलं राहत नाही, म्हणून पोरांचे हात लागू द्यावेत.