सीट खाली घेणारा खटका

“मग त्यात माझं काय उरलं, बाबा?”

हसबनीसांनी हे विचारलं तेव्हा त्यांना धाप लागली होती. पायथ्यापासून खिंडीतल्या दर्ग्यापर्यंत त्यांनी एक डोंगरी सायकल हातानं ढकलत आणली होती. सायकल नवी कोरी होती, चालायला फुलासारखी. पण तिच्यावर बसायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

करीमशा फकीर ओट्यावर चुलीपुढे बसले होते. त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“पी. मग बोल.”

हसबनीसांचं आणि या ओट्याचं नातं जुनं. तरुणपणी ते आणि त्यांचा मित्र सुधन्वा याच खिंडीत सायकली घेऊन यायचे. चढ चढायचा तर सीट उंच लागते, त्याशिवाय पायात जोर येत नाही. आणि तीच उंच सीट उतारावर घात करते. पुढचं चाक दगडाला अडलं की माणूस हँडलावरून पालथा. सुधन्वा तसाच पडला होता. खांदा निखळला, तोंड फुटलं. करीमशांनीच त्याला पाठीवर घेऊन वर आणलं होतं.

त्या दिवसापासून हसबनीसांना दुसरं काही सुचेना. सायकली घडवणं हाच त्यांचा धंदा. खपून खपून त्यांनी सीटखाली बसणारी एक स्प्रिंग तयार केली. उताराच्या तोंडाशी उतरायचं, सीटच्या दांड्याची पकड सैल करायची, सीट दाबून खाली घ्यायची. खाली पोचल्यावर पुन्हा थांबायचं, पकड सैल केली की स्प्रिंग सीट वर ढकलते. लोकांनी वाखाणली, वापरली, आणि मग कंटाळून सोडून दिली. दर उतारापाशी थांबायचं कोणी?

त्या काळातलं पुष्कळ काही तसंच गेलं. हँडलाच्या टोकांची, चढावर धरायची शिंगं गेली, पुढच्या चाकाच्या फोर्कमधले धक्के झेलणारे रबरी गट्टू गेले, लहान चाकं गेली. त्याचं हसबनीसांना काही वाटलं नाही. नवं येतं, जुनं जातं.

पण त्यांची स्प्रिंग गेली नव्हती. ती परत आली होती, परक्यांच्या नावानं, सीटच्या नळीत लपून. हँडलावर अंगठ्यापाशी खटका. चालत्या सायकलवर तो दाबून वजन टाकलं की सीट खाली. उठून पुन्हा दाबला की वर. थांबायचं कामच नाही.

तेव्हापासून चार माणसं जमली की हसबनीस तोच विषय काढत. हे मूळचं माझं, म्हणून सांगत. तरुण मुलं ऐकल्यासारखं करत आणि हळूच काढता पाय घेत.

आणि आता त्यांची स्वतःची शिष्या, शरयू, तिनंही तसाच खटका केला होता. आपल्या तांबड्या मातीत न अडकणारा. ही सायकल तिनंच पाठवली होती. पहिली फेरी सरांनी मारावी, एवढीच तिची विनंती. कितीतरी दिवस त्यांनी उत्तरच दिलं नाही. काल तिचा फोन आला. सर हो म्हणाले नाहीत तर मी हे कारखान्यात देणारच नाही, म्हणाली.

हे सगळं हसबनीसांनी एका दमात सांगून टाकलं.

“वाईट चालतो का तो खटका?” करीमशांनी विचारलं.

“नाही. वाईट चालत असता तर…”

चहाला उकळी आली. करीमशांनी कोनाड्याकडे बोट केलं.

“तो डबा दे. तुझ्या मित्राला हळद लावली होती ना, तोच.”

हसबनीसांनी डबा काढला, झाकण उघडलं. आत साखर होती.

“हळद कुठं गेली, बाबा?”

“कुणाला लावू?… कुणी लंगडत येतच नाही आता.”

तेवढ्यात खालून दोघी मुली सायकली मारत चढून आल्या. बाबांना हात करून तशाच पुढे गेल्या. हसबनीस नकळत अर्धे उठले. सुधन्वा पडल्यापासून या उतारावर कुणाला जाताना पाहिलं की त्यांचा श्वास अडकायचा. पलीकडच्या उताराच्या तोंडाशी दोन्ही सीटा अलगद खाली गेल्या. मुली दिसेनाशा झाल्या. मग खालून त्यांचं हसणं ऐकू आलं.

हसबनीस पुरते उठले.

मग ते सायकलपाशी गेले आणि टांग मारून बसले. करीमशांनी वर पाहिलं नाही. ते चहा गाळत होते.

हसबनीस उतार उतरून परत चढून आले तेव्हा चहा निवला होता. त्यांच्या डोळ्यांना वाऱ्यानं पाणी आलं होतं, आणि तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्यांना वाटत होतं. उभ्या उभ्याच त्यांनी शरयूला फोन लावला.

“दे कारखान्यात,” ते म्हणाले. “फक्त खटका जरा रुंद कर. घामेजल्या अंगठ्याला सापडत नाही.”

पलीकडून ती बराच वेळ काही बोलली. हसबनीसांनी फोनवर तळवा ठेवला.

“बाबा, ती विचारतेय, यावर नाव कुणाचं घालू?”

चढावर आणखी कुणीतरी सायकल मारत येत होतं. करीमशांनी तिकडे पाहिलं.

“त्या येणाऱ्याला विचार. थांबला, तर सांगेल.”