पाठ फिरवलेल्या बहिणी

त्या बायका रुसलेल्या नाहीत हो. आणि फोटो नका काढू, त्यांना आवडत नाही. समोर ट्रक निघालेत ना बंदराकडे, त्यात त्यांचे भाऊ आहेत. इथे भाऊ समुद्राकडे निघाला की बहीण त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. मी देवरुखचा, बेचाळीस वर्षं या परमुलखात, या टेकडीखाली गॅरेज चालवतोय, बायको इथलीच. सुरुवातीला मलाही वाटलं, ही काय निरोप द्यायची तऱ्हा! मग सासूबाईंनी गोष्ट सांगितली.

ही टेकडी काळी दिसते, तो जुन्या भट्ट्यांतून निघालेला मळ. वारुळाची माती मळून इथे भट्ट्या बांधायचे म्हणे, आणि तांबं वितळवून त्याच्या फुल्या, म्हणजे फुलीच्या आकाराच्या लगडी, ओतायचे. गावाची मुख्य चिलेशे नावाची बाई होती. समुद्र तीन महिन्यांच्या वाटेवर, तो कुणीच पाहिलेला नव्हता. किनाऱ्यावरचे व्यापारी दरसाल येत, तांबं नेत, बदल्यात मीठ आणि कापड देत. दरसाल थोडं कमीच देत. विचारलं की म्हणत, "समुद्रावर आता तांब्याला कोण विचारतंय?"

चिलेशेला ते पटेना. एका साली तिने एक फुलीही हलू दिली नाही. "आधी आपला माणूस समुद्र बघून येईल. वाट सापडली तर आपलं तांबं आपणच नेऊ," म्हणाली. पाठवलं कुणाला, तर धाकट्या भावाला, मुलेंगाला. आई बाळंतपणात गेलेली, तेव्हापासून हिनेच त्याला पाठीला बांधून वाढवलं होतं. त्याच्याइतकं जवळचं तिला दुसरं होतं कोण?

वर्ष गेलं. गावात मिठाचा खडा उरला नाही. लोक अळणी जेवत, कुरकुर करत, पण थांबले. शब्द चिलेशेचा होता ना!

मुलेंगा परतला तो पार हडकुळा होऊन. म्हणाला, "ताई, वाट नाहीच. पुढे नुसती दलदल आहे, मी तिथूनच मागे फिरलो. व्यापारी देतात ते घ्या. याहून चांगलं मिळणार नाही." तिने डोळे मिटून विश्वास ठेवला. वर्षभराची सगळी रास व्यापाऱ्यांनी चार टोपल्या मिठावर उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, असं सांगतात, चिलेशे अंगण झाडत होती. दारात मुलेंगाच्या चामड्याच्या वहाणा होत्या, आणि शेळ्या त्या चाटायला एकमेकींना ढुशा देत होत्या. हाकलल्या तरी हटेनात. तिने एक वहाण उचलली आणि, अहो, मोठ्या बहिणीने धाकट्या भावाची वहाण जिभेला लावली. खारट! आणि मिठाच्या टोपल्या तर अजून उघडल्याही नव्हत्या.

ती आत गेली. "पाणी कुठवर आलं होतं रे?"

त्याने तिच्या हातातली वहाण पाहिली. मग म्हणाला, "गुडघ्यापर्यंत, ताई."

म्हणजे वाट होती. तांब्यासाठी खोळंबलेली जहाजंही होती. गप्प राहण्याबद्दल व्यापाऱ्यांनी त्याला किनाऱ्यावर घर दिलं होतं. मेल्याला लाज कशी वाटली नाही! माझ्या हातून तर दोन थोबाडीत बसल्याच असत्या. चिलेशेने हात उचलला नाही, शिवी दिली नाही. "या पाठीवर वाढलास. आता हीच बघ," एवढं म्हणाली आणि वळून उभी राहिली, तो गाव सोडून जाईपर्यंत. त्यानंतर कुणाला कुणाचा भरवसा वाटेना. भट्ट्या विझल्या, त्या विझल्याच.

आजही भाऊ समुद्रावरून परत आला की बहीण आधी पाठच करते. त्याने काय पाहिलं ते सांगायचं, आणि तिला खरं वाटलं तरच ती वळायची. ट्रकवाल्यांच्या बहिणी लगेच वळतात, खिदळतात, माझ्यासाठी काय आणलंस विचारतात. सासूबाईंचा भाऊ मात्र सरकारात मोठा अधिकारी. इथलं तांबं कुणाच्या बंदरातून, कुणाच्या रेल्वेने आणि कुणाच्या अटींवर जायचं, त्या करारावर सही करायला तो गेला होता. परत आला, टायबिय लावून अंगणात उभा राहिला, आणि पाठमोऱ्या बहिणीला म्हणाला, "ताई, याहून चांगलं मिळणार नव्हतं."

त्याला अकरा वर्षं झाली. सासूबाई अजून वळलेल्या नाहीत.