मोरीतली पांढरी रेघ

"सही करणार आहात की नाही, बुवा? एवढंच सांगा."

नागनाथबुवांनी मान वर केली नाही. मठाच्या स्वयंपाकघरामागच्या मोरीत ते उकिडवे बसले होते. हातात करवतीच्या पात्याचा तुटका तुकडा, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. दोन फरश्यांमधलं जुनं, तडकलेलं सिमेंट ते खरवडून काढत होते.

यशोधन दारात उभा होता. एम.ए. झालेला, दोन वर्षांपासून बुवांचा शिष्य. त्याने हातातला कागद पुढे धरला होता. रागाने.

रागावण्यासारखंच होतं. विश्वस्तांनी पुढे सभामंडपात नवा संगमरवर घातला होता. आणि इथे मागे, जिथे तीन बायका रोज चारशे माणसांची खरकटी भांडी घासायच्या, तिथे फरशीचे सांधे उकलले होते. पाणी त्यांत मुरायचं, आंबायचं, पायाखाली पचपचायचं. शेवंताबाईंच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. कातडं पांढरं पडून सोलून निघालं होतं. तक्रार केली तर व्यवस्थापक म्हणाला, "रात्री तेल लावून झोपा."

"दहा वाजता विश्वस्तांची बैठक आहे," यशोधन म्हणाला. "हे तक्रारीचं पत्र मी तिथे वाचणार. त्यावर तुमची सही नसेल तर ते मला हाकलतील, आणि शेवंतामावशींनाही."

"ये. ही एक ओळ खरवड. मग बघू."

"बुवा, नऊ वाजून गेलेत! आणि तुम्ही इथे बसून... तुम्ही त्यांचं पाप लिंपून देताय!"

"लिंपत नाहीये. काढतोय."

शेवंताबाई कोपऱ्यात पातेलं घासत होत्या. त्या म्हणाल्या, "बसा की दादा. तोंडानं निघत नसतंय ते."

यशोधन संतापून आत आला. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत ओढले आणि त्या आंबूस पाण्यात बसला. बुवांनी दिलेलं पातं सांध्यात खुपसून त्याने असा जोर लावला की ते निसटलं. फरशीच्या कोपऱ्याचा टवका उडाला.

"फरशीनं काय केलं तुझं?" बुवांनी विचारलं.

 यशोधन दात आवळून पुन्हा पातं चालवू लागला. या वेळी सावकाश.

वरचा पांढऱ्या सिमेंटचा थर पापुद्र्यासारखा सुटून आला. कागदाएवढी जाडी. खाली जुनं सिमेंट तसंच होतं... भेगाळलेलं, काळं, ओलं. त्याचा वास थेट नाकात शिरला.

"बघा! बघा हे!" यशोधनने तो पापुद्रा उचलून बुवांच्या डोळ्यांसमोर धरला. "जुनं काढलंच नाही. वरून नुसतं पांढरं फासलंय! खाली कुजतंय ते कुजू दे, वरून चकाचक दिसलं म्हणजे झालं. कोण हरामखोर..."

पातेल्यावरची घासणी थांबली.

"दादा, ते पांढरं तुमचंच हाय."

"...काय?"

"पाडव्याला कॉलेजची पोरं घेऊन आला व्हता की तुम्ही. श्रमदानाला. मी म्हटलं व्हतं, आधी जुनं काढा, नाहीतर महिन्यात सुटंल. तुम्ही म्हणला, मावशी, आता वेळ नाही, फोटोवाला आलाय."

यशोधनला आठवलं. बारा पोरं, तासाभराचं काम, मग जयघोष. तो फोटो त्याने स्वतः चारचौघांना दाखवला होता. खाली ओळ लिहिली होती, कष्टकरी भगिनींसाठी.

त्याने उरलेली ओळ खरवडून काढली.

बऱ्याच वेळाने तो उठला. चेहरा उतरला होता, पण आवाज मऊ झाला होता.

"कळलं, बुवा. तुम्हाला मला हेच दाखवायचं होतं. त्यांना जाब विचारणारा मी कोण? माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? सगळा माझाच अहंकार होता." त्याने दीर्घ श्वास घेतला. "आता राग राहिला नाही. आत अगदी शांत वाटतंय."

आणि त्याने ते पत्र मधोमध फाडलं.

"अवो!" शेवंताबाईंच्या हातातलं पातेलं फरशीवर आदळलं. "माझी सही हाय त्याच्यावर! घरी चार येळा गिरवून मग केली मी! त्या व्यवस्थापकानं कामावरून काढीन म्हणून दम दिला, तरी केली!"

यशोधन गोंधळून हातातल्या दोन तुकड्यांकडे पाहत राहिला.

"आण इकडे तो कागद!"

बुवा उभे राहिले होते. दोन वर्षांत यशोधनने त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्यांनी दोन्ही तुकडे हिसकावून घेतले. उपरण्याने कट्टा पुसला, तुकडे जुळवून ठेवले आणि शेवंताबाईंच्या वाकड्यातिकड्या अक्षरांखाली सही केली. बोटांना लागलेली मोरीतली काळी घाण कागदभर उमटली.

तुकडे त्यांनी यशोधनच्या छातीवर दाबले.

"जा. दहा वाजायला आलेत."

"पण बुवा... मीच असा, तर कोणत्या तोंडाने वाचू? आणि आता खरंच माझ्या मनात कुणाबद्दल काही उरलेलं नाही. मन शांत झालंय माझं."

बुवांनी खाली बोट दाखवलं. शेवंताबाई साचलेल्या पाण्यात अनवाणी उभ्या होत्या.

"तुझं मन शांत झालं. तेवढ्यात हे पाय सुकले का?"